नौदलावर मालिका काढायची तर नौदलाची मदत घ्यावी का?

दर्यासारंग:
पल्लवी जोशीची 'आरोहण' आठवतेय का कुणाला? दूरदर्शनवर १९९६-९७ ला लागायची, निर्माती तीच आणि मुख्य रोलही तिचाच, नौदलात गेलेल्या मुलींची गोष्ट. नौदलाने १९९२ पासून मुलींना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, म्हणजे विषय अगदी ताजा होता. आता आपल्या मालिकांत नेव्ही म्हणजे पांढऱ्या युनिफॉर्ममधला हिरो सुट्टीवर येतो, लग्न ठरतं, की झालं. माझं मत असं की नौदलाला सोबत घेऊनच मालिका करा. अरुंद शिड्या, इंजिन रूममधली धग, एकावर एक बंक, हे सेटवर खोटं वाटतं. बीबीसीची 'वॉरशिप' १९७३ ते ७७ चालली, रॉयल नेव्हीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या, खऱ्या फ्रिगेटवर (मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर) शूट व्हायची, म्हणूनच ती खरी वाटते.

खारावारा:
'सी हॉक्स' मालिका विसरलात की, त्यात माधवन होता.

दर्यासारंग:
ती कोस्ट गार्डवर होती हो. तटरक्षक दल वेगळं, नौदल वेगळं.

रत्नांग्रीकर:
अजिबात पटलं नाही. मदत घेतली की स्क्रिप्ट आधी त्यांना दाखवायची, आणि मग एकही अधिकारी चुकत नाही, एकाही खलाशाची रजा नाकारली जात नाही, सगळे आपले सॅल्यूट मारत फिरतात. २०२० ला संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर बोर्डाला पत्र लिहिलं होतं की सैन्याच्या विषयावरची फिल्म, वेब सिरीज दाखवायच्या आधी निर्मात्यांनी आमचं ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं. अशाने कोण धाडस करणार? आणि खरी गोष्ट तर आपल्या मुंबईतच पडलीय. फेब्रुवारी १९४६, ब्रिटिशांच्या 'तलवार' या नौदल तळावरचे नाविक, निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, तिथून उठाव पेटला तो पार कराचीपर्यंत गेला, इथे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला. यावर मोठी मालिका का नाही?

दर्यासारंग:
तो उठाव ब्रिटिशांविरुद्ध होता, त्याचं स्मारक कुलाब्याला उभं आहे, त्याला आजचं नौदल कशाला अडवेल? उदाहरण चुकीचं देताय.

रत्नांग्रीकर:
उदाहरण बरोबर आहे, कारण जेवण आणि वागणूक या दोन गोष्टींवरच माणसं पेटली होती आणि आजच्या जहाजावर त्याच दोन गोष्टी दाखवायला गेलात की लेखणी अडते.

क्वार्टरमधली:
माझे मिस्टर नाविक होते, अधिकारी नाही. तुम्ही दोघं जहाजावरच भांडताय. 'आरोहण' मला आवडायची पण तीही होणाऱ्या अधिकाऱ्यांचीच होती. रात्री बारा ते चार वॉच, म्हणजे पहाऱ्याची ड्युटी, करून झोपायला जाणारा माणूस कुठे दिसतो? आणि घर? जहाज सुटलं की फोन नाही, परत कधी ते नक्की नाही, पोरगा तापाने फणफणलाय, शाळेचा फॉर्म भरायचाय, सासूबाई गावाहून विचारतायत आणि आपल्याला ठाऊक असलं तरी सांगायचं नाही. मग हे परत येतात आणि घरात त्यांच्यावाचून सगळं चालू असतं, त्याचा त्यांना त्रास होतो, आपल्यालाही. हे दाखवायला युद्धनौका लागत नाही.

डॉकयार्ड_रोड:
'वॉरशिप'बद्दल सांगतो. त्यात 'हीरो' नावाचं एकच जहाज दिसतं, पण एक फ्रिगेट शूटिंगसाठी अडकवून ठेवणं कुठल्या नौदलाला जमणार, म्हणून मुख्यतः 'फीबी' आणि जोडीला त्याच लिअँडर वर्गातली, म्हणजे एकाच डिझाइनची, इतर जहाजं वापरली, त्यांच्यावर एफ ४२ नंबर रंगवून. याच डिझाइनवर आपल्या माझगाव डॉकमध्ये 'निलगिरी' बांधली, १९७२ ला नौदलात आली. म्हणजे खरं जहाज घेऊनही जुळवाजुळव करावीच लागली. आपल्याकडे रोजचा एपिसोड काढायचा म्हटलं तर हे शक्यच नाही. तेरा भागांची मालिका करा, मेस आणि बंक स्टुडिओत बांधा, समुद्रातलं तेवढं नौदलाकडून मागा.

दर्यासारंग:
हे जमण्यासारखं आहे. पण मागायचं तर स्क्रिप्ट दाखवावीच लागेल आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, जहाज त्यांचं आहे, त्यावरच्या काही गोष्टी बाहेर जाता कामा नयेत हे आपणही समजून घ्यायला हवं.

रत्नांग्रीकर:
गुप्त गोष्टी कापा, माझी ना नाही. रडार दाखवू नका, कुठे चाललेत सांगू नका. पण बायको बाळंत होतेय आणि रजेचा अर्ज परत आलाय असा सीन लिहून पाठवा. तो जसाच्या तसा पास झाला तर मी तुमच्या बाजूने.