मदत हवी आहे: ब्रेल ओळखणारं मॉडेल 'खेळ'चं 'किल' करतंय

ठिपके_सहा: चार रात्री यातच गेल्या. ब्रेलच्या पानाचा फोटो देऊन मराठी अक्षरं मिळवायची आहेत. कितीही शिकवलं तरी अ‍ॅक्युरसी वर सरकत नाही. 'खेळ'चं मध्येच 'किल' होतं, 'हे'चं 'जि'. कुठलं सेटिंग बदलू? लवकर सांगा.

रानवारा: पान छापील की हाताने टोचलेलं? एका बाजूचं की दोन्ही? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

ठिपके_सहा: हाताने, पाटी आणि स्टायलसने. मुलगी तिसरीत आहे, तिचं लिहिलेलं मला वाचायचंय.

मीनलताई: पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून वाचतात. तुम्ही टोचलेल्या बाजूचा फोटो काढताय. माझ्याकडे नवे पालक हेच करतात.

रानवारा: तसं असतं तर शब्द शेवटाकडून सुरू झाला असता. इथे क्रम बरोबर आहे, एकेक घर, म्हणजे एका अक्षराची सहा ठिपक्यांची जागा, तेवढं आरशातलं येतंय.

जुना_गडी: मॉडेल कशाला? दिवा एका बाजूने तिरका ठेवा, ठिपक्यांच्या सावल्या पडतात. सहा ठिपक्यांच्या ६४ मांडण्या, तक्ता लावला की झालं. मी प्रोजेक्टला असंच केलं होतं.

रानवारा: छापील पानावर ठीक. लहान मुलाचा हात कुठे खोल जातो, कुठे उथळ. ब्रेलचे फोटो वाचणाऱ्या अँजेलिना रीडर या प्रोग्रामचा कोड बघा, खुला आहे. तो अख्खं घर एकदम ओळखतो.

सागर_पुणे: मुलीला स्क्रीन रीडर द्या ना, स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर. ब्रेल आता कोण वापरतं?

मीनलताई: 'दिन' आणि 'दीन' कानाने कसं कळणार? शुद्धलेखन बोटांखालीच येतं. असं कृपया कुठल्या पालकाला सांगू नका.

अनुजा_कोड: ऑगमेंटेशनमध्ये (शिकवायचे फोटो थोडे बदलून वाढवतात, त्यात) हॉरिझॉन्टल फ्लिप, म्हणजे डावं-उजवं उलटवणं, चालू आहे का? मांजराचा फोटो उलटा केला तरी मांजरच राहतं. ब्रेलमध्ये (डावे ठिपके वरून खाली १-२-३, उजवे ४-५-६) ह (१-२-५) उलटला की ज (२-४-५) होतो, ए (१-५) चा इ (२-४), क (१-३) चा ख (४-६), ल (१-२-३) चा ळ (४-५-६). तुम्ही ज दाखवून त्याला 'ह म्हण' असं शिकवलंत.

ठिपके_सहा: चालू होतं! उचललेल्या कोडमध्ये होतं, सांगण्यासारखं वाटलं नाही. काढलं. ह-ज, इ-ए सुटले. ल-ळ आणि क-ख अजून तसेच.

अनुजा_कोड: घरं कशी कापताय?

ठिपके_सहा: ठिपक्यांना लागून, रिकामी जागा सोडून.

अनुजा_कोड: मग ल आणि ळ दोन्ही तीन ठिपक्यांची एक उभी रांगच राहते. डावी की उजवी, हे त्याला कशावरून कळावं? आधी ओळीतली घरं आखा. ठिपक्या-ठिपक्यात साधारण २.५ मिमी, घरा-घरात ६. मग रिकाम्या रकान्यासकट कापा.

जुना_गडी: म्हणजे शेवटी ठिपकेच मोजायचे. मी तेच म्हणत होतो.

ठिपके_सहा: आखलं. 'खेळ' आता 'खेळ' येतो! अनुजा, मनापासून आभार. एकच राहिलं: 'पत्र'चं 'पतर' होतंय. पाय मोडायचा ठिपका ४ त-च्या आधी एकटाच असतो, आणि ती तो अगदी हलका टोचते. फोटोत दिसतच नाही, बोटाला मात्र लागतो. प्रकाश बदलू की कॅमेरा?