फोंताइन्हास-मळ्यात घर घेताना: सह्या मोजा, भिंत ठोका, भरती पाहा

पणजीच्या फोंताइन्हास, सांतोमे आणि मळा या पट्ट्यात घर घ्यावं का, अशी विचारणा हल्ली सारखी होते. रंगीत भिंती आणि बाल्कांवांचे (दारासमोरच्या बसायच्या ओट्यांचे) फोटो सगळ्यांनी पाहिलेत, ते पुरे. कागद, दुरुस्ती, कारागिरी किंवा शेजार यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं. 'आम्हाला घर कसं लाभलं' हे नको. काय तपासायचं, किती लागतं, कुठे आणि का अडतं, तेवढंच हवं. आलेली उत्तरं खाली आहेत, प्रत्येकावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.

सहीशिक्का

घर बघायला जाण्याआधी सह्या मोजा. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम असा, की लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. वारशाने आलेलीसुद्धा.

उदाहरण घ्या. आजोबा वारले, आजी हयात, चार मुलं, चौघांची लग्नं झालेली. निम्मं घर आजीचं. उरलेल्या निम्म्याचे चार वाटे, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश, आणि त्यातही सुनेचा किंवा जावयाचा निम्मा. एकूण सह्या नऊ. त्यातला एक मुलगा वारला आणि मागे बायको व तीन मुलं असतील तर नवाच्या अकरा होतात. त्या तिघांचीही लग्नं झालेली असतील तर चौदा. दलाल तुम्हाला 'मालक' म्हणून ज्याची गाठ घालून देतो तो या चौदांतला एक असतो.

वारस कोण हे ठरवायचे मार्ग दोन. सगळ्यांचं एकमत असेल तर विशेष नोटरीपुढे वारसपात्रतेचा दस्त होतो. त्याची तरतूद २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आहे. एकमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीचं प्रकरण. तिथे वारस आपसांत बोली लावतात, जास्त बोलणारा घर घेतो आणि बाकीच्यांना वाट्याचे पैसे मोजतो. इन्व्हेंटरी चालू असताना एकाच वारसाशी करार करून आगाऊ रक्कम देऊ नका. बोलीत तो हरला तर तुमच्या हातात फक्त पावती उरते. मी तर एकट्या वारसाचा अविभक्त हिस्सा घेण्याच्या वाटेलाच जाऊ देत नाही. कोणी हट्टाने घेत असेल तर आधी इतर सहमालकांचा लेखी नकार घ्यावा, कारण पहिला हक्क ते सांगू शकतात.

आता कागद. शहरात सात-बारा शोधू नका, आणि एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा) खेड्यांसाठी असतो. पणजीत पी. टी. शीट क्रमांक (शहर मोजणीच्या नकाशाचं पान) आणि चलता क्रमांक (त्यावरचा भूखंड) लागतो, त्यावरून फॉर्म डी, म्हणजे शहर मोजणीचा उतारा, आणि नकाशा मिळतो. पण फॉर्म डीवरचं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टीची पावती तर नव्हेच. मालकीचा माग पोर्तुगीज काळातल्या नोंदणीत असतो: घराच्या वर्णनाचा क्रमांक, मालकाच्या नोंदीचा क्रमांक आणि माट्रिझ (जुन्या करनोंदीचा) क्रमांक. हे तीन जुळवा. जुन्या वर्णनात चतुःसीमा पोर्तुगीजमध्ये लिहिलेल्या असतात. 'नासेंत' म्हणजे पूर्व, 'पोएंत' म्हणजे पश्चिम. घाईत केलेल्या भाषांतरात या दोन उलट झाल्या की मागची विहीर रस्त्यावर येते! म्हणून अधिकृत भाषांतर घ्या आणि चलता नकाशा हातात धरून ते जागेवर वाचा.

परदेशी सही

सहीशिक्का यांच्या चौदांपैकी पाच-सहा जण लिस्बन किंवा स्विंडनला असतात, हे धरूनच चाला. त्यांच्या मुखत्यारपत्रावर तिथलं अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) हवं, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायला हवं. ही मुदत चुकल्याने दस्त अडलेले खूप दिसतात. मुखत्यारपत्रात 'विक्री' हा शब्द आणि चलता क्रमांक नेमका लिहिलेला असावा. 'माझी गोव्यातली मालमत्ता सांभाळणे' एवढ्यावर नोंदणी होत नाही.

करकपातीतही फरक पडतो. किंमत ५० लाख किंवा त्यावर असली तर निवासी विक्रेत्याचा १ टक्का कापायचा. विक्रेता अनिवासी असला तर १ टक्क्यावर भागत नाही. दर बराच वर जातो आणि चूक झाली तर वसुली खरेदीदाराकडून होते. त्या वारसाने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी आणावा. त्याला वेळ लागतो, म्हणून दस्ताची तारीख दाखला हातात आल्यावरच ठरवा.

भाटकाराचा कारकून

घर रिकामं आहे म्हणतात तेव्हा मागच्या खोलीत चूल पेटते का ते बघा. भाडं देणारा असेल तर १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा लागतो. मालक बदलला तरी भाडेकरू तसाच राहतो, भाडंही जुनंच. भाडं न देता भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) संमतीने राहणारा मुंडकार असू शकतो. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्कही. दोघांत गल्लत करू नका, कारण अर्ज वेगवेगळ्या ठिकाणी जातात: मुंडकाराचा मामलेदाराकडे, भाडेकरूचा भाडे नियंत्रकाकडे. विक्रेत्याचं 'तो आपलाच माणूस आहे, उठेल' हे वाक्य ऐकलं की समजा, तो उठणार नाही.

चिरा-चुना

या भागातली जुनी भिंत म्हणजे चिरा (जांभा दगड), मातीचा किंवा चुन्याचा सांधा आणि वर चुन्याचा गिलावा. ती पाणी पिते आणि परत सोडते. खालच्या मीटरभरात कुणी सिमेंटचा गिलावा मारलेला असेल तर पाण्याला बाहेरची वाट उरत नाही. ते वर चढतं, आणि सिमेंट संपतं तिथे फुगे, पांढरे क्षार आणि भुगा दिसतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहा: भद् असा आवाज आला तर गिलावा सुटलाय. विकायच्या आधी मारलेला ताजा प्लास्टिक रंग ही हमखास लबाडी, म्हणून कपाटाच्या मागची भिंत पाहा.

दुरुस्ती अशी. सिमेंट काढा आणि भिंत उघडी सुकू द्या, एक उन्हाळा तरी. चुना किमान महिनाभर पाण्यात मुरलेला हवा. एक भाग चुना, तीन भाग नदीची वाळू. खाडीची वाळू नको, तिच्यातलं मीठ भिंतीत उतरतं. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड केला तर तडकतो. थर ओल्या गोणपाटाने आठवडाभर दमट ठेवा. उन्हात भराभर वाळलेला चुना हाताला पीठ लागतं तसा सुटतो. वर चुन्याचाच रंग, पातळ तीन हात. रंगद्रव्य चुन्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घातलं तर पहिल्याच पावसात ओघळतं.

छप्पर आतून बघा, टॉर्च आणि जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन. किंदळ, माट्टी किंवा सागाचा वासा मध्ये शाबूत असतो, कुजतो तो भिंतीत शिरलेल्या टोकाला. कारण वरची पन्हळ गळते आणि पाणी तिथेच मुरतं. स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला तर ते टोक गेलं. अख्खा वासा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून नवा तुकडा तिरक्या सांध्याने जोडतात. सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी, आणि बोल्ट दोन. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात. ८० चौरस मीटरला १२००, वर शंभरेक फुटीसाठी. कौल घेताना जुनं एक सोबत न्या, कारण दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत बसत नाहीत. छप्पर उघडायचं ते नोव्हेंबरनंतर, आणि मे संपायच्या आत मिटलं पाहिजे.

मातीच्या सांध्याच्या भिंतीवर काँक्रिटचा स्लॅब टाकू नका. कोणी 'चालतं' म्हणाला तर मेस्त (गवंडी) बदला.

खिडक्यांत काचेच्या जागी असलेल्या शिंपल्यांबद्दल नेहमी विचारतात. ते काचेसारखे ठोकत नाहीत, लाकडी पट्ट्यांच्या खाचेत वरून सरकवतात. फुटलेला काढायचा तर वरची पट्टी सैल करून त्या ओळीतले सगळे उतरवावे लागतात. खाडीतून नवे काढायला जाऊ नका, हा शिंपला संरक्षित आहे. पाडलेल्या घरांच्या झडपा मोडीवाल्याकडे मिळतात.

तळमजला

खाली सोनार, शिंपी, सुतार किंवा आझुलेजो (पोर्तुगीज पद्धतीच्या चित्रांच्या लाद्या) रंगवणारा असेल तर वरच्या लाकडी तक्तपोशीतून सगळं ऐकू येतं. सुताराची करवत दिवसा चालते. पोदेराची (पाववाल्याची) भट्टी मात्र पहाटे पेटते आणि तिचा धूर वरच्या खिडकीत येतो, म्हणून घर एकदा पहाटे चारला पाहा.

स्वतः आझुलेजोची भट्टी लावायची असेल तर तयार लादीवर चितारून भाजायला सुमारे ८०० अंश लागतात. जुन्या एक-फेज वायरिंगवर ते झेपत नाही. आधी भार वाढवून घ्या, मग महापालिकेचा व्यवसाय परवाना. आणि लादी ओल्या भिंतीवर सिमेंटने चिकटवू नका. मागचे क्षार चकाकी उडवतात आणि चित्राचे टवके पडतात. लाकडी चौकटीत बसवून दोन स्क्रूंवर टांगली की भिंत मागे मोकळी राहते. मुंबईकडच्या ग्राहकांना हे सांगून सांगून थकायला होतं.

पर्यटकांना खोल्या द्यायच्या असतील तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते.

सहीशिक्का

एक राहिलं. 'युनेस्कोचं घर आहे' असं सांगून भाव चढवतात. १९८६ पासून जागतिक वारशात आहेत ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि मठ. फोंताइन्हास पणजीच्या विकास आराखड्यातला संवर्धन विभाग आहे. त्याचा अर्थ भाव नव्हे, परवानगी: दर्शनी भाग, उंची, छपराचा उतार यांना हात लावायचा तर संवर्धन समितीपुढे जावं लागतं. आधीच्या मालकाने विनापरवाना बसवलेला शटर तुमच्या नावावर येतो.

ओरेमकाठ

पाण्याचं कोणीच लिहिलं नाही. ओरेम खाडीच्या बाजूच्या घरांत पाणी पावसाने एकट्याने येत नाही. भरती आणि जोराची सर एकाच वेळी आली की गटाराचं तोंड खाडीकडून बंद होतं आणि पाणी उलटं फिरतं. जुलैत, अमावास्या किंवा पौर्णिमेच्या जवळ, भरतीच्या वेळेला जाऊन उभे राहा. बघायचं ते तीन: उंबरा रस्त्यापेक्षा किती वर आहे, दाराच्या चौकटीचं खालचं लाकूड वेगळ्या रंगाचं आहे का, आणि विजेचे प्लग शेजारच्या घरांत किती उंचीवर बसवलेत. शेजाऱ्यांनी प्लग कमरेएवढे वर नेले असतील तर तुम्हीही तेवढ्यावर न्या.