शिंगवाला सैतान बायबलात आहे तरी कुठे?

औदुंबर (धागाकर्ता)
बायबलच्या जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक परवा पुन्हा वाचलं. तिथला सैतान देवाच्याच दरबारात हजर असतो. मूळ हिब्रूत त्या शब्दाआधी 'हा' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखं) लागतं, म्हणजे ते नाव नव्हे, हुद्दा झाला. आपण 'फौजदार' म्हणतो तसा. ईयोबाला हात लावायचीसुद्धा तो देवाकडून परवानगी घेतो! एदेनच्या बागेतल्या सापालाही उत्पत्तीच्या पुस्तकात कुणी सैतान म्हणत नाही. आणि सैतानाचं दुसरं नाव, ल्युसिफर? जुन्या करारातच, यशया १४ मध्ये बाबेलच्या राजाची टर उडवलीय: पहाटतारा म्हणून मिरवत होतास, पडलास ना खाली? संत जेरोमने बायबलच्या लॅटिन भाषांतरात पहाटताऱ्याला नेहमीचा शब्द घातला, 'ल्युसिफर'. त्यातून सैतानाचं आख्खं चरित्र उभं राहिलं. थोडक्यात, सैतान भाषांतरकार आणि चित्रकारांनी घडवला.

वसईकर
साफ असहमत. जेरोमवर बिल फाडू नका. यशयातला तो उतारा ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तिसऱ्या शतकातच सैतानाला लावला होता, तोही ग्रीकमध्ये लिहिताना. शिवाय तुम्ही जुन्या करारावरच थांबलात. रानात येशूची परीक्षा कोण घेतो? 'सैतानाला विजेसारखं आकाशातून पडताना पाहिलं' हे लूकमध्ये येशूच्याच तोंडी आहे. साप म्हणजे सैतान, हे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण १२ मध्ये, स्पष्ट लिहिलंय.

ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या चर्चमध्ये या एकदा. हातात पेटती मेणबत्ती, मेण बोटांवर ओघळत असतं आणि फादर विचारतात, सैतानाचा त्याग करता का? सगळं चर्च एका आवाजात 'होय' म्हणतं. तेव्हा बकऱ्याचे खूर कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतात.

औदुंबर
ओरिजेनचा मुद्दा मान्य, चूक माझी. पण चित्रांचं काय? इटलीतल्या राव्हेन्नात सहाव्या शतकातल्या मोझेइकमध्ये येशूच्या एका बाजूला मेंढरं, दुसरीकडे बकऱ्या. बकऱ्यांमागे निळा देवदूत उभा आहे, बरेच अभ्यासक त्यालाच सैतान मानतात. शिंगं नाहीत, उलट डोक्यामागे प्रभावळ! आणि तेराव्या शतकात बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) लिहिलेल्या 'कोडेक्स गिगास' या पोथीमध्ये पानभर सैतान: हिरवं तोंड, लाल शिंगं, लाल नख्या, वर एर्मिन या प्राण्याच्या राजेशाही फरची लंगोटी. (लंगोटी कुणाची कल्पना देव जाणे.) ही पोथी १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने प्रागहून उचलली, आता स्टॉकहोमला आहे.

मांडवीकाठ
लांब कशाला जाता? आमच्या गोव्यात देवचार म्हणजे गावचा राखणदार. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, रात्री शीव राखत फिरतो. त्याला केळी, विडी, सोरो (दारू) ठेवतात. मिशनरी थॉमस स्टीफन्सने १६१६ च्या मराठी 'क्रिस्तपुराणा'त हाच शब्द सैतानासाठी वापरला. आजही ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतानच. एकाच गावात एकाचा राखणदार, दुसऱ्याचा वैरी! चित्रकारांआधी मिशनऱ्यांचा हिशेब मांडा.

वसईकर
हे खटकतं, नाकारत नाही. दुसऱ्याच्या देवाला सैतान ठरवण्याचा वाईट इतिहास आहेच. पण तो शब्द चुकीच्या माणसाला चिकटवला म्हणून मूळ वैरी नाहीसा होत नाही.

चौकस
मध्येच एक भर. चौथ्या शतकात सार्डिनियातल्या कालियारीच्या बिशपचंच नाव ल्युसिफर होतं. त्याच्या अनुयायांविरुद्ध लिहिणारा कोण? हाच जेरोम. तेव्हा ते नाव ठेवताना आईबापांना काहीच वावगं वाटलं नसणार.

औदुंबर
हा बिशप मला आधी का भेटला नाही!