कोर्लईची ‘नो लिंग’ शिकायची कशी?

प्रश्न: रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी, पोर्तुगीज १७४० साली निघून गेल्यानंतरही तिथल्या ख्रिस्ती वस्तीने जपलेली पोर्तुगीजवर आधारलेली बोली ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, मला मनापासून शिकायची आहे. लिखित साहित्य जवळजवळ नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: शब्दांपासून करावी. चावी, साबण, पाव हे पोर्तुगीज शब्द आपल्या तोंडी आहेतच, आणि पोर्तुगीज वाक्यात एरवी मध्ये येणारे क्रियापद या बोलीत मराठीच्या सहवासाने शेवटी सरकले आहे. ओळखीच्या घडणीत अनोळखी शब्द ऐकण्याचा आनंद मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर २: आनंद खराच, परंतु भाषा टिकते ती मुलांच्या तोंडी. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, या बालवाड्यांत वडीलधारी माणसे मुलांशी माओरीतच बोलू लागली. कोर्लईत शिक्षण मराठीतून होते. म्हणून आपण तिथल्या आज्यांपाशी बसून, त्यांची परवानगी घेऊन, गाणी आणि मासळीची नावे ध्वनिमुद्रित करावीत व ती आधी त्यांच्याच नातवंडांना ऐकवावीत.

प्रश्नकर्ता: मासळीच्या नावांपासूनच सुरुवात करतो. आपणा दोघांचा आभारी आहे.