मदत हवी आहे: होम असिस्टंट बसवलंय, पण आईला वापरता येत नाही

मंगळवारपेठी (गुरुवार, रात्री १०.४०)

नमस्कार. अर्जंट आहे. रविवारी रात्री मी पुण्याला परत जाणार, त्याच्या आत हे सुटायला हवं.

कोल्हापूरच्या घरी होम असिस्टंट (घरातली विजेची उपकरणं फोनवरून चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) बसवलं. सहा दिवे, गीझर आणि गच्चीवरच्या टाकीची मोटर. माझ्या फोनवर सगळं व्यवस्थित चालतं. आईच्या फोनवर ॲप टाकलं, डॅशबोर्ड करून दिला, दोनदा शिकवलं. तरी मी पुण्यात असताना रोज संध्याकाळी तिचा फोन, "दिवा लागत नाही." मी तिथून बघतो तर दिवा अनअव्हेलेबल, म्हणजे संपर्काबाहेर. गेल्या आठवड्यात लाईट जाऊन आल्यावर तर तिचं ॲपच उघडेना. तासभर ती अंधारात बसून होती. शेजारच्या काकू आल्या तेव्हा कुठे उजेड झाला.

हे सॉफ्टवेअर तिच्यासाठी सोपं कसं करायचं? मराठी डॅशबोर्ड, मोठी बटणं, आवाजावर चालणारं काही, जे असेल ते सांगा. "काढून टाक" असं मात्र सांगू नका. दोन महिने घातलेत यात.

उद्यमनगर_लेथ

भावा, कशावर चालतंय ते सांग की आधी. रास्पबेरी पाय (तो छोटा कॉम्प्युटर) हाय, जुना लॅपटॉप हाय का मिनी पीसी? एसडी कार्ड का एसएसडी (जास्त टिकणारी डिस्क)? बल्ब वायफायचे का झिगबीचे (ती वेगळी बिनतारी पद्धत)? आईच्या ॲपमध्ये पत्ता काय टाकलाईस? यातलं एक बी लिहिलं न्हाईस. मदत कशी करायची?

फुलेवाडी_नाका

मी ओपनहॅब वापरतो, असंच दुसरं सॉफ्टवेअर, बरीच वर्षं झाली. तेही ओपन सोर्सच आहे. होम असिस्टंटची दर महिन्याला नवी आवृत्ती येते आणि आज इथं दिसणारं बटण उद्या तिकडं जातं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते कसं झेपणार? तुम्ही ओपनहॅबवर या, मी मांडणी पाठवतो.

मंगळवारपेठी

पाय ४ आहे, एसडी कार्ड. बल्ब वायफायचे. पत्ता १९२.१६८.१.३७:८१२३ असा टाकलाय.

@फुलेवाडी_नाका, तीन दिवसांत दुसऱ्या सिस्टिमवर कसा जाऊ?

उद्यमनगर_लेथ

तिथंच घोळ हाय बघ. लाईट जाऊन आली की राउटर पत्ते नव्यानं वाटतो. तुझ्या पायला .३७ च्या जागी दुसराच नंबर मिळाला असणार, आणि आईचं ॲप अजून .३७ चंच दार वाजवतंय. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन कर, म्हणजे पायचा नंबर कायमचा पक्का. नंबराऐवजी homeassistant.local या नावावर भिस्त ठेवू नकोस, काही अँड्रॉइड फोनवर ते नाव सापडतच न्हाई.

दुसरं, एसडी कार्ड काढ. लाईट लिहिता लिहिता गेली की कार्डावरची माहिती बिघडते. छोटी एसएसडी घाल आणि पाय व राउटर दोन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेव. आणि रोजचा बॅकअप चालू कर, २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून ते सोपं झालंय. बॅकअप कुलूपबंद असतो, त्याची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेव. किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

शाहूपुरी_६वी_गल्ली

ओपनहॅबवाल्यांचं हे नेहमीचंच. होम असिस्टंटमध्ये सगळं वायएएमएल फायलीत (कोडसारख्या मजकुरात) लिहावं लागायचं तो काळ गेला. २०२० च्या डिसेंबरात त्यांनी ०.११८ नंतर थेट २०२०.१२ असा आकडा दिला, तोपर्यंतच बऱ्याच गोष्टी माउसने करता यायला लागल्या होत्या. दर महिन्याला अपडेट येतो म्हणून तो घ्यायलाच हवा असं कुणी सांगितलं? चालू आहे तर राहू दे, वर्षातून दोनदा घे.

फुलेवाडी_नाका

वर्षातून दोनदा घेतलं की सहा महिन्यांचे बदल एकदम अंगावर येतात. ते निस्तरायला मुलगा पुण्याहून येणार का? माझा मुद्दा आईच्या बाजूचा आहे, तो समजून घ्या.

वायरमन_दाजी

पोरा, मला सॉफ्टवेअरमधलं फार कळत न्हाई. पण तीस वर्षं वायरिंग करतोय. एक सांग, भिंतीवरचे खटके चालू राहतात का? का आई दिवा मालवताना खटकाच बंद करती?

मंगळवारपेठी

स्मार्ट बल्ब आहेत, खटक्याची गरजच नाही. खटके चालू ठेवून त्यावर चिकटपट्टी लावली होती. आईने काढली. किती वेळा सांगितलं, हात लावू नकोस.

वायरमन_दाजी

मग दुखणं सापडलं. बल्बची वीज खटक्यानं तोडली की त्यातलं वायफाय बी मरतंय. तुझ्या फोनात अनअव्हेलेबल दिसणारच.

आईची चूक न्हाई हं यात. सत्तर वर्षं जो हात भिंतीकडं जातोय तो चिकटपट्टीनं थांबत नसतो. तू दिव्याचा खटका काढून घेतलास आणि बदल्यात काच दिलीस.

बल्ब काढ, साधे एलईडी लाव. बोर्डात खटक्याच्या मागं रिले मॉड्यूल (वायफायवर चालणारा छोटा स्विच) बसवायचं. खटका मॉड्यूलला जोडायचा आणि मॉड्यूल दिव्याला. आईनं खटका दाबला तरी दिवा लागतो, तू फोनवरनं दाबलंस तरी लागतो. वायफाय मेलं, तुझी ती पाय मेली, तरी खटका चालतोच, कारण मॉड्यूल खटक्याचं ऐकायला कुणाला विचारत न्हाई. मॉड्यूलला न्यूट्रल (परतीची वायर) लागते. बोर्डात प्लग पॉइंट असंल तर न्यूट्रल असतीच. मंगळवार पेठेतलं जुनं घर म्हंजे लाकडी बोर्ड असणार, मागं जागा भरपूर मिळंल. मेन बंद केल्याशिवाय बोर्ड उघडू नकोस, माहितगार वायरमन घे.

आणि गीझर, मोटर कशावर घेतलीस ते बी सांग. त्याची मला जास्त काळजी वाटायलीया.

मंगळवारपेठी

गीझर २००० वॅट, मोटर १ एचपी. दोन्ही १० अँपिअरच्या मॉड्यूलवर.

वायरमन_दाजी

आजच काढ दोन्ही. २००० वॅट म्हंजे पावणेनऊ अँपिअर, दहाच्या मॉड्यूलवर सलग चाललं की ते तापतंय. गीझरला १६ चं घे. मोटरचं त्याहून वाईट. चालू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढती, त्यात रिलेचे पॉइंट चिकटून बसतात. मग फोनवर बंद दाखवतंय आणि मोटर वर चालूच. मॉड्यूलनं कॉन्टॅक्टरची (मोठा लोड पेलणाऱ्या स्विचची) कॉइल चालवायची, मोटरचा लोड कॉन्टॅक्टरनं घ्यायचा. टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की मोटर बंद करणारा) वेगळा पाहिजेच, तो कुठल्या ॲपवर अवलंबून नको.

राजाराम_बंधारा

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. डॅशबोर्डवर पंचगंगेची पातळी दाखवता येते का कुणाला? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात आम्ही घरातले सगळे दर तासाला फोन बघत बसतो. ३९ झाले की घरातला एक दिवा पिवळा व्हावा, ४३ ला लाल, एवढंच पाहिजे. २०१९ ला आमच्याकडे पहिल्या मजल्यावर पाणी होतं.

शाहूपुरी_६वी_गल्ली

येईल करता. आकडा जिथे प्रसिद्ध होतो ते पान स्क्रेप सेन्सरने वाचायचं. पण पानाची मांडणी बदलली की सेन्सर गप्प होतो, त्यामुळे पुराच्या निर्णयासाठी यावर विसंबू नका. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

कळंबा_तळं

मंगळवारपेठी, आईंना दिसतं कसं? सगळे विचारतायत पाय कुठला नि कार्ड कुठलं, हे कुणी विचारलंच नाही.

मंगळवारपेठी

उजव्या डोळ्याला काचबिंदू आहे, बाजूचं दिसत नाही. डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. लिहायचं राहिलं. तिला मोठी अक्षरं वाचता येतात.

कळंबा_तळं

हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, दादा. मला स्वतःला खूप कमी दिसतं, मी टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) फोन चालवते. माझ्या अनुभवातलं सांगते.

काचबिंदूत नजरेचा कडेचा भाग जातो. तुम्ही सहा दिवे, तापमान, हवामान, मोटर असं सगळं एका पानावर पसरलंत तर त्यांना ते शोधावं लागतं. चार मोठी बटणं, एकाखाली एक, बास. गडद पार्श्वभूमीवर पिवळी किंवा पांढरी अक्षरं, त्यांना विचारून ठरवा. नुसतं चिन्ह ठेवू नका, नाव लिहा. आणि नाव त्यांचं घ्या. तुम्ही "लिव्हिंग लाइट २" लिहिलं असेल, त्या "सोप्यातला दिवा" म्हणत असतील. नाव देवनागरीत दिलेलं चालतं, आतला एंटिटी आयडी (सॉफ्टवेअरची स्वतःची खूण) आपोआप रोमनमध्ये होतो, त्याने काही बिघडत नाही. टॉकबॅक तेच नाव मराठीत वाचून दाखवतो. उद्या डावा डोळाही दमला तरी त्यांना तेच बटण वापरता येईल.

त्यांच्यासाठी वेगळा युजर करा, ॲडमिनचा अधिकार न देता. म्हणजे सेटिंग्जचं पान दिसणारच नाही आणि चुकून काही मोडेल ही भीतीही राहणार नाही. माझ्या ओळखीच्या बऱ्याच आजी फोनला हात लावत नाहीत त्या याच भीतीने. त्या युजरला चार बटणांचा डॅशबोर्ड पहिला उघडेल असं ठरवून द्या. अँड्रॉइड ॲपच्या सेटिंगमध्ये पेज झूम आहे, ते वाढवा. रोज लागणाऱ्या दोन दिव्यांचे विजेट फोनच्या पहिल्या स्क्रीनवर टाका, म्हणजे ॲप उघडायलाही नको.

शाहूपुरी_६वी_गल्ली

त्यापेक्षा कस्टम बटण कार्ड (डॅशबोर्डवर बाहेरून घालायचं बटण) टाका, हवा तो आकार, ॲनिमेशन, सगळं मिळतं. माझा कोड देतो, १८० ओळी आहेत.

कळंबा_तळं

नको हो. अशी बरीच कार्डं मी वापरून पाहिली. दिसायला सुंदर असतात, पण टॉकबॅक त्यांच्यावर आला की नुसतं "बटण, बटण" म्हणतो, कशाचं ते कळत नाही. होम असिस्टंटच्या मुळातलं टाइल कार्ड नावासकट वाचतो. आणि १८० ओळी पुढच्या वर्षी कुणी दुरुस्त करायच्या?

शाहूपुरी_६वी_गल्ली

टॉकबॅकवर मी कधी तपासलं नव्हतं. उद्या बघतो. नाव वाचत नसेल तर माझ्या कार्डात ते घालतो.

गंगावेस_कट्टा

एवढं कशाला? मोठ्या कंपनीचा स्पीकर घ्या, बोललं की दिवा लागतो. बाराशे पानं वाचायला नकोत.

उद्यमनगर_लेथ

नेट गेलं की स्पीकर गप्प. पावसात आमच्याकडं नेट दिवस दिवस नसतंय. होम असिस्टंट घरातल्या घरात चालतंय म्हणून तर हा खटाटोप.

आवाजाचं खरं काय ते सांगतो. त्यांच्यात असिस्ट म्हणून सोय हाय, आणि २०२४ च्या डिसेंबरात स्वतःचा छोटा स्पीकरबी काढला त्यांनी. बोलणं ओळखायला व्हिस्पर वापरता येतंय, त्याला मराठी येते. पण पाय ४ वर चालणारं छोटं मॉडेल मराठीत चुकतंय, मोठं मॉडेल पायला झेपत न्हाई. रविवारपर्यंत ह्याच्या नादाला लागू नकोस. आवाज हा तिसरा मार्ग ठेव. पहिला खटका, दुसरा फोन.

मंगळवारपेठी (शनिवार, रात्री ९.१५)

दाजी, तुमचं ऐकून काल गीझर आणि मोटरची मॉड्यूल काढली. मोटरच्या मॉड्यूलचा एक पॉइंट काळा पडला होता. दोन्ही सध्या जुन्या स्टार्टर-स्विचवर आहेत, कॉन्टॅक्टर पुढच्या खेपेला. आज वायरमन आणून सोपा, देवघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, चार ठिकाणी खटक्यामागे मॉड्यूल घातली. पायला पक्का नंबर दिला. एसएसडी मागवलीय.

कळंबा ताई, डॅशबोर्ड पुसून पुन्हा केला. या वेळी आईला शेजारी बसवून. नावं तिने सांगितली. ज्याला मी "पॅसेज" म्हणत होतो ते तिच्या भाषेत "बोळ" आहे. अक्षरं पिवळी तिला नको होती, पांढरी ठेवली. सगळं झाल्यावर मी मेन बंद करून परत चालू केलं आणि तिला काहीच न सांगता बाहेर बसलो. तिने उठून खटका दाबला, दिवा लागला. मग फोन घेऊन अंथरुणातून बोळातला दिवा मालवला. मला हाक मारायला लागली नाही.

चिकटपट्टीबद्दल तिची माफी मागितली.

एक राहिलंय. जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन खटक्यांवर आहे. तिथे एक मॉड्यूल चालेल का?

वायरमन_दाजी

चालंल, पण आहे त्याच वायरिंगवर न्हाई. दोन्ही खटक्यांच्या मधल्या वायरी बदलून त्या मॉड्यूलच्या इनपुटला आणायला लागतात, आणि मॉड्यूलमध्ये खटका हलला की दिवा उलटा व्हावा असा मोड ठेवायचा. उद्या घाईत करू नकोस. जिन्याचा दिवा हाय, तिथं आई पडली तर काय घेता. आहे तसा राहू दे, पुढच्या खेपेला येशील तेव्हा बोर्डाचा फोटो टाक.