लाल सिग्नल असताना लोकल पुढे कशी गेली? 'ए' पाटीचा नियम नक्की काय आहे?

डोंबिवलीचा_प्रवासी
रेल्वेतल्या जाणकारांना एक विचारायचं होतं. परवा संध्याकाळी आमच्या इकडच्या पादचारी पुलावर उभा होतो, खाली स्लो लाइनवर लोकल लाल सिग्नलच्या अलीकडे येऊन थांबली, दोनेक मिनिटं उभी राहिली आणि मग सिग्नल लालच असताना हॉर्न देऊन अगदी हळूहळू पुढे निघून गेली. मी समोरूनच बघत होतो, त्यामुळे दिवा बदलला आणि माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. सिग्नलच्या खांबावर गोल पांढरी पाटी होती, त्यावर काळ्या रंगात इंग्रजी 'ए'. माझा पुतण्या सध्या असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करतोय, तो म्हणाला लाल पास केला की स्पॅड (धोक्याचा सिग्नल ओलांडल्याचा गुन्हा), थेट नोकरीवर गदा. मग हे काय होतं? आणि रोज हजारो माणसं भरलेल्या गाडीत हे सुरक्षित आहे का?

निवृत्त_मोटरमन
तुम्ही बघितलं ते बरोबर आणि मोटरमनने केलं तेही बरोबर. पुतण्याचंही चूक नाही, फक्त त्याने अर्धा नियम वाचलाय. स्टेशन मास्तर किंवा केबिनच्या ताब्यात असलेला जो स्टॉप सिग्नल असतो, म्हणजे होम, स्टार्टर, अ‍ॅडव्हान्स स्टार्टर वगैरे, तो लाल असेल तर गाडी तिथेच उभी, तास गेला तरी. पुढे जायला लेखी अधिकार लागतो नाहीतर कॉलिंग-ऑनसारखी (लाल सिग्नलखालचा, जपून पुढे या सांगणारा छोटा सिग्नल) ठरलेली सोय लागते, आपल्या मनाने एक फूटही नाही. आणि 'ए' पाटीवाला असतो तो ऑटोमॅटिक, तो कोणी माणूस चालवत नाही, पुढच्या ट्रॅकवर गाडी आहे की नाही त्यावर आपोआप बदलतो. (भारतात ऑटोमॅटिक कलर लाइट सिग्नल पहिल्यांदा आले ते आपल्या मुंबईतच, १९२८ साली व्हीटी ते भायखळा.)

तर अशा सिग्नलला लाल मिळाला की आधी पूर्ण थांबायचं, सिग्नलच्या अलीकडे. दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटं वाट बघायची, तरी लालच राहिला तर ठरलेला हॉर्न द्यायचा, गार्डशी सिग्नलची देवाणघेवाण करायची आणि मगच निघायचं. वेग, पुढचं चांगलं दिसत असेल तर जास्तीत जास्त १५ किमी, वळण असेल, धुकं असेल, पाऊस असेल तर १०. नुसता आकडा पाळून भागत नाही हां, नियमाचा खरा अर्थ हा की जेवढं दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. वळणावर समोरच्या गाडीचा टेल लाइट अचानक दिसतो तेव्हा १० सुद्धा जास्त वाटतात.

पुतण्याला अजून एक सांगा, सेमी-ऑटोमॅटिकला 'ए' दिव्याने उजळतो. तो उजळलेला असेल तर ऑटोमॅटिकचा नियम, विझलेला असेल तर तोच खांब मॅन्युअल सिग्नल झाला, हलायचं नाही. म्हणून लाल दिसल्यावर नजर आधी खांबावर जायला हवी.

डोंबिवलीचा_प्रवासी
काका मनापासून आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पण एक कळलं नाही, लाल पास करून पुढे गेल्यावर पुढचा सिग्नल लांबून हिरवा दिसला तर मग वेग वाढवता येतो ना? कारण हिरवा म्हणजे पुढे मोकळं.

एलपी_गुड्स_भुसावळ
दादा नाही, अजिबात नाही, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारलात. सिग्नल बोलतो तो त्याच्या पुढच्या ट्रॅकबद्दल, अलीकडच्या नाही. तुम्ही ज्या कारणासाठी लाल बघितला ते कारण त्या लाल आणि पुढच्या सिग्नलच्या मधे कुठेतरी आहे, बंद पडलेली गाडी असेल, रूळ तुटलेला असेल. पुढचा हिरवा आहे याचा अर्थ त्याच्या पलीकडे रिकामं आहे एवढाच. म्हणून जनरल रूलमध्ये स्पष्ट आहे की ऑटोमॅटिक लाल पास केल्यावर पुढचा सिग्नल ऑफ (म्हणजे लाल नसलेला) दिसला तरी त्याच्यापर्यंत जपूनच जायचं, तिथे पोचल्यावरच त्याचा इशारा मानायचा. माझ्या मते पुतण्याने बाकी काही विसरलं तरी चालेल पण ही ओळ नाही.

१७ जून २०२४ आठवा. न्यू जलपायगुडीजवळ रांगापानीच्या पुढे कांचनजंगा एक्स्प्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, दहा जण गेले, त्यात मालगाडीचा लोको पायलटही. त्या सेक्शनमध्ये सकाळपासून ऑटोमॅटिक सिग्नल बिघडले होते आणि गाड्यांना टी/ए ९१२ फॉर्म (बिघडलेले सिग्नल लाल असताना ओलांडायचा लेखी अधिकार) देऊन सोडत होते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आलं की त्या कागदावर वेग लिहिलेला नव्हता आणि तोच कागद हातात असून गाड्या वेगवेगळ्या वेगाने गेल्या, प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलला थांबून १५ च्या आत चाललेली एकटी कांचनजंगाच. जी गाडी नियम पाळत होती तीच मागून ठोकली गेली, हे वाचून आम्हा रनिंग स्टाफला किती त्रास झाला ते शब्दांत सांगता येत नाही. मालगाडी लोड असली की ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर सहज जातो, तिथे कागदात संदिग्धता ठेवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ. पायलटवर सगळं ढकलून मोकळं होणं मला पटत नाही, वेग कागदावर ठळक आकड्यात हवा आणि तो सही घेताना वाचून दाखवायला हवा.

सिग्नल_मेंटेनर
आमच्या बाजूनेही थोडं. रुळातून हलका करंट सोडलेला असतो, गाडीचं चाक आलं की दोन्ही रूळ जोडले जातात, रिले (करंटवर चालणारा स्विच) पडतो, सिग्नल लाल. रूळ तुटला तर करंट तुटतो, तरी लाल. पावसाळ्यात ट्रॅकवर पाणी भरलं की करंट पाण्यातूनच वाहून जातो, गाडी नसताना पण लाल. म्हणजे यंत्रणेला शंका आली की ती लालच दाखवणार, तशीच ती बनवलीय. जुलैमध्ये लोकल थांबत थांबत रांगतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि तेव्हा डब्यातले लोक मोटरमनला शिव्या देतात ते ऐकवत नाही.

अजून एक, लोकलच्या दारात उभं राहून जो लाल दिसतो त्यावर जाऊ नका, पहिलं चाक पुढे गेलं की तो लगेच लाल होतोच. तुम्ही पुलावरून समोरून बघितलंत म्हणून तुमचा प्रश्न खरा.

डोंबिवलीचा_प्रवासी
हे सगळं पुतण्याला पाठवलं. त्याने उलट विचारलंय की पिवळ्या पाटीवर 'जी' असेल तर?

निवृत्त_मोटरमन
तो गेट सिग्नल, लेव्हल क्रॉसिंगचा. तिथेही थांबून दिवसा १, रात्री २ मिनिटं, पण मग फाटकापर्यंतच जपून जायचं. गेटमन हँड सिग्नल दाखवत असेल तर त्याप्रमाणे पुढे. कोणी नसेल तर फाटकाच्या अलीकडे पुन्हा थांबायचं, क्रूपैकी एकाने खाली उतरून फाटक रस्त्यावरच्या वाहनांसाठी बंद आहे ना ते बघायचं आणि त्याने हात दाखवल्यावर गाडी पार करायची. 'ए' आणि 'जी' दोन्ही असलेला खांब आला तर काय, ते त्याला आधी स्वतः शोधून इथे लिहायला सांगा, मग मी तपासतो.