कुत्र्यानं शेंगदाणे, बदाम, काजू खाल्ले तर? तुमचा अनुभव सांगा

मंडळी, दिवाळी तोंडावर आली. घरोघरी सुक्यामेव्याचे डबे येतील आणि शेतात भुईमूग वाळायला पडलाय. मराठवाड्यातल्या कुत्री पाळणाऱ्यांनी लिहा: काय खाल्लं, पुढं काय झालं, काय केलं. ऐकीव नको, घडलेलं सांगा.

अहमदपूर तालुका
आमच्या आखाड्यावर राखणीला दोन कुत्री आहेत. भुईमूग काढताना ओल्या शेंगा फोडून खातात, त्यानं आजवर काही झालं नाही. झालं ते भिजलेल्या ढिगानं. परतीच्या पावसात शेंगांना हिरवट बुरशी आली, म्हणून आईनं त्या बांधाकडं टाकल्या. तांबू तिथंच खात बसायचा. काही दिवसांनी त्यानं भाकरीला तोंड लावणं सोडलं, डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं, संडास काळीकुट्ट. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. रक्त तपासलं तर यकृत बिघडलेलं. डॉक्टर म्हणाले, बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन नावाच्या विषाचं हे काम, आणि शेंगा भाजल्या तरी ते पुरतं जात नाही. सलाईन, औषधं, पथ्य. तांबू उठला, पण सगळीच कुत्री उठत नाहीत. बुरशीच्या शेंगा आता खड्ड्यात पुरतो. शेतकरी बांधवांनो, त्या उकिरड्यावरही टाकू नका.

नांदेड
आमच्या लॅब्रॅडॉरनं मूठभर बदाम न चावता गिळले. डॉक्टरांना फोन केला. बदाम विषारी नाहीत, पण लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकू शकतात म्हणाले. उलटी, फुगलेलं पोट, संडास बंद, यावर नजर ठेवली. काही झालं नाही.

छत्रपती संभाजीनगर
मिक्स डब्यातल्या काजू-बदामांपेक्षा मनुकांना भ्या! आमच्या पॉमेरेनियननं डबा उपडा केला. शेजारच्या काकू मायेनं मिठाचं पाणी पाजा म्हणाल्या, मी नाही पाजलं. मिठाचीच बाधा होते. तासाभरात दवाखाना गाठला, तिथं इंजेक्शननं उलटी करवली. नंतर मूत्रपिंडाच्या तपासण्या झाल्या, कारण बिघाड एक ते तीन दिवसांनीही कळतो. अमुक मनुका चालतील असा आकडा नाही. एखाद्याला थोड्यानंही होतं.

परभणी
भाच्यानं परदेशातून मॅकाडेमिया नावाचे सुक्यामेव्याचे दाणे आणले होते. कुत्रीनं खाल्ले आणि रात्री मागचे पाय लटपटायला लागले, अंगात ताप. आम्हाला वाटलं लकवाच. सकाळी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं. हे बारा तासांच्या आत दिसतं आणि बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सावरतात, असं कळलं. तीही सावरली. पण चॉकलेट लावलेले असतील तर चॉकलेटचं विष वेगळं, तेव्हा थांबू नका.

अंबाजोगाई
खारे शेंगदाणे. पाणी पीत राहिला, एक उलटी, बस. पाण्याचं भांडं भरलेलं ठेवलं.

धाराशिव
सुनेच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू. तूप, खोबरं, बदाम, सगळं जड. दुसऱ्या दिवशी कुत्रा पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून उभा राहायचा, पोटाला हात लावू देईना. स्वादुपिंडाला सूज निघाली. तूप-तेलाचं बंद, दवाखान्यात सलाईन. परभणीकर ताई, तुमच्याकडं रात्री दाखवायची काय सोय आहे ते लिहा. आणि सगळ्यांनी कुत्र्याचं वजन, खाल्ल्याची वेळ अन् पाकीट सोबत न्या; डॉक्टर पहिलं तेच विचारतात.